घाटाचा चढ आणि घाटाचा उतार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी रस्त्यावरील धावण्याच्या शर्यतीवर व्याख्यान व्हावे, याचे काही ज्येष्ठांना आश्चर्य वाटेल. परंतु पेढीवर, दुकानाच्या गादीवर अथवा कचेरीच्या खुर्चीवर दिवसाचे दहा-दहा तास बैठे काम करणाऱ्या आपल्या समाजाला हा विषय परका राहिलेला नाही. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी या तीन पाहुण्यांनी घरोघरी मुक्काम ठोकला आहे. दुसऱ्या बाजूला, पहाटे पायात बूट चढवून रस्त्याला लागणाऱ्या पन्नाशी-साठीच्या मंडळींची संख्याही गावोगाव वाढते आहे. अशाच एका गृहस्थांचा अनुभव आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. आपले नाव घेऊ नये, अशी त्यांची विनंती असल्याने ते घेतलेले नाही. सातारा शहरातील कापडाचे एक किरकोळ व्यापारी, एवढी ओळख पुरेशी आहे.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगणे उचित ठरेल. लांब पल्ल्याच्या धावण्याचे वेड हे अलीकडच्या काळातील परदेशी खूळ आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी तरुण पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्याच पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन शर्यतीत एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्यांना २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद लागले. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते, म्हणजे आज सर्वत्र रूढ असलेल्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक. आजचे बूट नाहीत, आहारतज्ज्ञ नाहीत, प्रशिक्षक नाहीत, अशा काळातील ही कामगिरी आहे.

पुढे १९८३ साली पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, २००४ साली मुंबईत सुरू झाली, आणि २०१२ साली साताऱ्यात डोंगरावरची अर्धमॅरेथॉन सुरू झाली. त्याच २०१२ साली कास पठाराचा पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. एकाच वर्षी कासच्या फुलांकडे आणि कासच्या रस्त्याकडे जगाचे लक्ष वेधले जावे, हा सुंदर योग म्हणावा लागेल. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. धावणे हे या मातीला नवीन नाही, एवढेच यावरून ध्यानात घ्यावे.

आता सातारच्या या शर्यतीचे स्वरूप पाहू. अंतर २१ किलोमीटर आणि वर सुमारे शंभर मीटर. पावसाळा सरत आला की ती भरते. शहरातून निघायचे, समर्थ मंदिराच्या बाजूने यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने ठरलेल्या ठिकाणापर्यंत जाऊन वळायचे आणि आल्या वाटेने शहरात परतायचे. म्हणजे पहिला अर्धा भाग बहुतांशी चढाचा आणि दुसरा अर्धा बहुतांशी उताराचा. त्या दिवसांत घाटात धुके असते, कड्यांवरून पाणी गळत असते, रस्ता ओला असतो. नवख्या माणसाला वाटते की एकदा वर पोहोचलो की शर्यत संपली, खाली काय, पाय आपोआप येतील. आजच्या भाषणाचा सारा मुद्दा या एका समजुतीभोवती फिरतो.

उपर्युक्त गृहस्थांचे वय २०१७ साली बावन्न वर्षांचे होते. तीस वर्षे गादीवरची बैठक, दुपारचे जेवण दुकानातच, रात्री हिशेब लिहून होईपर्यंत साडेनऊ. त्या वर्षी रक्ततपासणीत साखर आढळली. डॉक्टरांनी औषध दिले आणि रोज चालण्यास सांगितले. प्रारंभी ते अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने चालू लागले. तीन-चार महिन्यांत चालण्याचे हळूहळू धावणे झाले. पुढील वर्षीच्या शर्यतीत भाग घ्यावा, असे मनाने घेतले. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून अनुमती दिली आणि साखर एकाएकी उतरली तर सोबत असावी म्हणून खिशात ग्लुकोजच्या गोळ्या बाळगण्यास बजावले. मधुमेहाची काही औषधे घेणाऱ्यांनी ही सूचना अवश्य लक्षात ठेवावी.

सरावात त्यांनी कुचराई केली नाही. आठवड्यातून चार दिवस सपाट रस्त्यावर धावणे आणि दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढणे, असा क्रम आठ महिने चालला. मात्र दुकान साडेनऊला उघडावयाचे असल्याने रविवारी घाट चढून झाला की मुलगा दुचाकी घेऊन वर येत असे आणि वडिलांना मागे बसवून खाली आणीत असे. चढाची मेहनत झाली, आता उतार पायी उतरण्यात वेळ कशाला दवडावा, हा व्यापारी हिशेब होता. पेठेतील कोणालाही तो चुकीचा वाटला नाही.

२०१८ च्या शर्यतीचा दिवस उजाडला. पहाटेच्या अंधारात हजारो माणसे जमली होती. छातीवर क्रमांकाची पट्टी, त्या पट्टीला वेळ मोजणारी चिप, आणि आजूबाजूला विशी-पंचविशीची मुले. निघताना गर्दीच्या लोंढ्याबरोबर त्यांची गतीही नेहमीपेक्षा वाढली. रस्त्याच्या दुतर्फा लोक टाळ्या वाजवीत होते, लहान मुले हात पुढे करीत होती. ज्या रस्त्याने तीस वर्षे ते मालाचे गठ्ठे घेऊन गेले, त्याच रस्त्याने लोक आपल्याला पाहण्यासाठी उभे आहेत, ही भावना काही निराळीच होती, असे ते सांगतात.

घाट त्यांनी चांगला चढला. आठ महिन्यांची मेहनत कामी आली. वळणाच्या ठिकाणी घड्याळ पाहिले तेव्हा १ तास २५ मिनिटे झाली होती. अपेक्षेपेक्षा हा वेळ उत्तम होता. आता उतार. त्यांनी पाय मोकळे सोडले. पुढची पंधरा-वीस मिनिटे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत आनंदाची होती. चढावर पुढे गेलेली तरुण मुले आता एकेक करून मागे पडत होती. पेठेतील शेजारी दुकानदारही त्याच शर्यतीत होते, त्यांनाही ओलांडले.

पंधराव्या किलोमीटरच्या सुमारास मांड्यांत थरथर सुरू झाली. पाऊल टेकले की गुडघा किंचित लचके. गती कमी केली, तर थांबवण्याच्या धक्क्याने वेदना अधिकच वाढे. घाटाची शेवटची वळणे राहिली असताना उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस अशी कळ आली की ते रस्त्याच्या कडेला कठड्याला टेकून उभे राहिले. तेवढ्यात धुके विरळ झाले आणि समोर अजिंक्यतारा, खाली सारे शहर स्पष्ट दिसू लागले. अंतिम रेषेपाशी घरची मंडळी आणि पेठेतील पंचवीस-तीस जण हार घेऊन उभे होते. दुकानातल्याच मांजरपाटावर त्यांच्या नावाचा फलक रंगवून घेतला होता. आणि पाच किलोमीटर शिल्लक होते.

जवळच स्वयंसेवक म्हणून महाविद्यालयातील एक मुलगी उभी होती. तिने विचारले, “काका, गाडी बोलावू का?”

“पाचच किलोमीटर राहिलेत, बाळ. जाईन हळूहळू.”

“काका, तुमचा पाय टेकत नाहीये. घाट कुठं जात नाही. पुढच्या वर्षी या.”

ते पाच मिनिटे तसेच उभे राहिले. दोनदा पाऊल टाकून पाहिले. चालत गेले असते तर कदाचित पोहोचलेही असते. परंतु गुडघा कायमचा गेला तर उभ्याने ताका उलगडून दाखविणे, शिडीवर चढून फळीवरचा माल काढणे, हे सारे संपले, असा विचार त्यांच्या मनात आला. ते गाडीत बसले.

सज्जनहो, शर्यत सोडणे हे ऐकावयास सोपे वाटते. त्या गृहस्थांच्या शब्दांत सांगावयाचे तर गुडघ्याची कळ सोसवली, पण अंतिम रेषेजवळ गाडीतून उतरणे सोसवेना. हार घेऊन आलेली मंडळी क्षणभर गप्प झाली. पाच वर्षांच्या नातवाने विचारले, “आजोबा, पदक कुठंय?” त्यांनी उत्तर दिले, “वर राहिलं.” घरी आल्यावर पत्नी फक्त एवढेच म्हणाल्या, “आधी पाय धुऊन घ्या, चहा टाकते.” त्या दिवशी या वाक्याइतका आधार त्यांना दुसऱ्या कशाचाही वाटला नाही.

पुढील महिना कठीण गेला. हाडाला इजा नव्हती, स्नायू व गुडघ्याच्या बाहेरच्या पट्ट्याला सूज होती. पेठेत थट्टाही झाली. गादीवर बसणाऱ्याने गादी सांभाळावी, असे कोणीतरी बोलले आणि ते त्यांच्या कानावर आले. त्यांनी बूट माळ्यावर टाकले. घाटाच्या रस्त्याने जाणेही ते टाळू लागले.

वळण मिळाले ते व्यायामोपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे. तज्ज्ञाने सारा सराव विचारून घेतला आणि अखेरीस एकच प्रश्न केला, “रविवारी घाट उतरत कसे होता?” दुचाकीवरून, हे उत्तर ऐकून त्यांनी जे समजावून सांगितले, ते प्रत्येकाने ऐकण्याजोगे आहे.

चढ चढताना मांडीचे स्नायू आकसून शरीराला वर ढकलतात. त्यात दम लागतो, हृदयाची गती वाढते, म्हणून श्रम झाले हे माणसाला तत्काळ कळते. उतारावर याच्या उलट घडते. प्रत्येक पावलागणिक शरीराचे ओझे खाली येत असते आणि मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला ते ओझे आवरून धरावे लागते. म्हणजे तो एकाच वेळी लांबतही असतो आणि जोरही लावत असतो. या कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. दम मात्र लागत नाही. त्यामुळे आपण फुकट चाललो आहोत, असे वाटत राहते. या कामाची सवय नसलेला स्नायू तासाभरात दुबळा होतो आणि मग तो भार गुडघ्यावर येतो. घाट उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरतात, तो अनुभव अनेकांना असेल. त्याचे कारण हेच.

याची दुसरी बाजू अशी की, हाच स्नायू थोड्या-थोड्या उताराने लवकर तयारही होतो. एकदा बेताने उतार उतरला की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने इजा कमी होते. अर्थात चढाचा सराव उताराच्या कामी येत नाही. उतार शिकावयाचा तर उतारच उतरावा लागतो.

व्यापाऱ्याला हे गणित लगेच पटले. चढावरचा खर्च रोखीचा असतो, तो तिथल्या तिथे जाणवतो. उतारावरचा खर्च उधारीचा असतो, त्याची वसुली मागाहून आणि एकदम होते.

सहा आठवड्यांची विश्रांती घेऊन त्यांनी माळ्यावरचे बूट खाली काढले. प्रथम उतार केवळ चालत उतरावयाचा, तोही अर्धा घाट. दोन महिन्यांनी पूर्ण घाट. त्यानंतर थोडे धावणे, थोडे चालणे. पाऊल लांब टाकून टाचेवर आदळायचे नाही, आखूड आणि जलद पावले टाकावयाची, गुडघा किंचित वाकलेला ठेवावयाचा, अंग मागे रेलू द्यावयाचे नाही. घरी खुर्चीवरून हात न टेकता सावकाश बसणे-उठणे, जिना सावकाश उतरणे, असे व्यायाम रोज वीस मिनिटे. मुलाची दुचाकी बंद झाली. त्यासाठी रविवारी दुकानात अर्धा तास उशिरा येण्याची परवानगी त्यांनी मुलाकडून रीतसर मागून घेतली. ज्या मुलाला उशीर झाला म्हणून आजवर त्यांनीच बोल लावले होते, त्याच्याकडे ही परवानगी मागताना दोघांनाही हसू आले.

२०१९ च्या शर्यतीत ते पुन्हा उभे राहिले. या वेळी हार नको, फलक नको, असे त्यांनी सर्वांना निक्षून सांगितले होते. निघताना गर्दीला पुढे जाऊ दिले. घाटातील खड्या वळणांवर ते सरळ चालले. बोलता येईल एवढाच दम लागू द्यावयाचा, हे माप त्यांनी धरले होते. वळणाच्या ठिकाणी १ तास ३८ मिनिटे झाली होती. मागील वर्षापेक्षा तेरा मिनिटे उशीर. मुदतीत पोहोचू की नाही, अशी शंका मनाला चाटून गेली. शेजारचे दुकानदार केव्हाच पुढे गेले होते.

उतार सुरू झाला आणि खरी परीक्षाही. पाय धावू म्हणत होते. मागून येणारी मुले आनंदाने ओरडत पुढे जात होती. सत्तरीच्या घरातील एक निवृत्त शिक्षकही हात हलवून पुढे निघून गेले. तेरा मिनिटे भरून काढण्याची संधी समोर पसरली होती आणि ती न घेता आखूड पावलांनी उतरावयाचे होते. चढ चढताना जेवढा निग्रह लागला, त्याच्या दुप्पट तो उतरताना लागला, असे ते म्हणतात. मागील वर्षी ज्या कठड्याला टेकून ते उभे राहिले होते, तो कठडा आला आणि मागे गेला. तिथे त्यांनी थांबून पाहिलेही नाही. मांड्या जड झाल्या होत्या, पण थरथर नव्हती.

समर्थ मंदिराच्या पुढे शहराचा रस्ता लागल्यावर मात्र त्यांनी गती वाढविली. ती वाढविण्याजोगे पायांत बळ शिल्लक होते. ज्यांनी उतारावर त्यांना ओलांडले होते, त्यांपैकी काहीजण आता पाय ओढीत चालत होते. शिक्षक मात्र त्यांना शेवटपर्यंत सापडले नाहीत. २ तास ५८ मिनिटांनी, मुदतीच्या आत, त्यांनी अंतिम रेषा ओलांडली. शेजारचे दुकानदार चौदा मिनिटे आधी पोहोचून पाण्याची बाटली हातात घेऊन त्यांची वाट पाहत उभे होते. घरची मंडळी नको म्हटले तरी आलीच होती. नातवाने पदक आपल्या गळ्यात घालून घेतले आणि दिवसभर काढले नाही.

या साऱ्याचा आरोग्यावर काय परिणाम झाला, असे कोणी विचारील. साखर आटोक्यात आली, डॉक्टरांनी औषधाची मात्रा कमी केली. औषध सुटलेले नाही. धावल्याने मधुमेह समूळ नाहीसा होतो, अशा भ्रमात कोणी राहू नये आणि डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये.

ज्यांना या वाटेला जावयाचे आहे, त्यांच्यासाठी काही सूचना. चाळिशीनंतर प्रारंभ करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. अंतर एकदम वाढवू नये. पाणी तहान लागेल तसे घोट-घोट प्यावे. उत्साहाच्या भरात पोटभर पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील क्षार पातळ होऊन जिवावर बेतू शकते. छातीत दाब, डाव्या हातात अथवा जबड्यात कळ, घेरी किंवा विलक्षण धाप यांपैकी काहीही जाणवले तर त्या क्षणी थांबावे आणि मदत मागावी. तिथे पदकाचा विचार करू नये. आणि डोंगरावरची शर्यत असेल तर उताराचा सराव चुकवू नये.

शेवटचा एक प्रश्न त्या गृहस्थांना अनेकजण विचारतात. दोहोंपैकी कोणती शर्यत मोठी? त्यांच्या घरी दिवाणखान्यात २०१९ चे पदक टांगलेले आहे. त्याच खिळ्याला २०१८ ची, घामाने व पावसाने सुरकुतलेली क्रमांकाची पट्टीही अडकविलेली आहे. नातवाने ती काढून टाकू या म्हटले, तेव्हा त्यांनी काढू दिली नाही. त्या दिवशी गाडीत बसलो नसतो, तर पुढचे पदक मिळाले नसते, एवढेच उत्तर ते देतात.

आपल्या समाजातील ज्येष्ठांनी पहाटेचा अर्धा तास स्वतःच्या शरीरासाठी काढावा, तरुणांनी त्यांच्यासोबत चार पावले चालावे आणि घरातील एखादा मागे राहिला तर त्याची थट्टा न करता पाण्याची बाटली घेऊन त्याची वाट पाहावी, एवढी विनंती करून हे भाषण येथे पूर्ण होते. 

जय जिनेंद्र! जय महाराष्ट्र!